डाव होत नाही

आमच्या घरात चारही दिशा ठरलेल्या होत्या आणि त्यांचा सूर्याशी काही संबंध नव्हता. आबा, म्हणजे माझे वडील, दक्षिणेला बसत. त्यांच्या समोर मी, त्यांची लेक, उत्तर. त्यांच्या डाव्या हाताला आई, पश्चिम. आणि उजव्या हाताला अक्का, पूर्व. अक्का आबांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच असे आणि घरात शिलाई मशीन चालवी. तिला अक्षरओळख नव्हती, पण इस्पिक, बदाम, चौकट, किलवर ही चार चित्रं तिला पक्की पाठ होती. आमच्या धुळ्यातल्या देवपूरच्या घरात सूर्य खरं तर अक्काच्या पाठीमागे मावळायचा, पण रविवारी दुपारची जेवणं उरकून सतरंजी पडली की ती पूर्वच. एकदा आईच्या शाळेतल्या एक बाई आल्या होत्या. आबा त्यांना म्हणाले, बसा ना, तिकडं पश्चिमेला जागा आहे. तर त्या बिचाऱ्या खिडकीकडे बघत उभ्याच राहिल्या.

जळगावहून एक साप्ताहिक निघायचं. त्यात कापसाचे आणि केळीचे भाव, लग्नाच्या जाहिराती, तालुक्यांच्या बातम्या, आणि शेवटच्या पानावर खाली एका चौकोनात ब्रिजचं कोडं. बावन्न पानं चौघांत वाटून छापलेली असत, कुणाकडे काय आहे ते सगळं उघड. प्रश्न एकच: दक्षिणेला इतके हात करायचे आहेत, कसे करील? चौघांनी एकेक पान टाकलं की एक हात होतो आणि ज्याचं पान वरचढ त्याचा तो हात, एवढं ज्याला कळलं त्याला पुढचं सगळं कळतं. समोरासमोरचे दोघे भिडू, आजूबाजूचे दोघे विरुद्ध. दक्षिण खेळायला लागली की उत्तरेनं आपली पानं उघडी मांडायची आणि गप्प बसायचं. तिला डमी म्हणतात. माझी शाळेची शेवटची वर्षं आणि कॉलेजची सुरुवातीची, दोन्ही डमी म्हणून गेली. तोंड मिटून तिघांचे चेहरे बघायची सवय तिथं लागली, ती पुढं बँकेच्या नोकरीत फार कामाला आली.

अशी कोडी लोक एकट्यानं सोडवतात. कागद घ्यायचा, पेन्सिल घ्यायची, सुचलं की लिहून पाठवायचं. आबांना ते पटत नसे. त्यांचं म्हणणं असं की एकटा माणूस दोन्ही बाजूंनी खेळायला बसला की विरुद्ध बाजूचं पान तो नकळत आपल्या सोयीचं टाकतो. शत्रू खरा पाहिजे. म्हणून छापलेली पानं ते आम्हा चौघांना वाटायचे. मी त्यांनी सांगितलेलं पान खाली ठेवायचं आणि आई नि अक्कानं त्यांना हरवायचं. दया दाखवायची नाही, दाखवली तर आबा रागवायचे. त्यांना सुचलेला मार्ग आईपुढं तीन वेळा टिकला तरच तो खरा, मग ते पोस्टकार्ड लिहायला बसायचे. त्यामुळे आमच्याकडे रविवारची दुपार म्हणजे नवरा-बायकोचं राजरोस भांडण असायचं, आणि ते आबांनीच मागून घेतलेलं असायचं.

आबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. लग्नाआधी कुठल्याशा धरणाच्या कॅम्पावर त्यांची नेमणूक होती. तिथं संध्याकाळ झाली की करण्यासारखं काही नसे. इंजिनियर मंडळी ब्रिज खेळत, पण एक जण रजेवर गेला की डाव अडायचा. मग आबांना हाक यायची. ते उभ्या उभ्या बघून शिकले होते, आणि दोन महिन्यांत असे खेळू लागले की साहेब लोक भिडू म्हणून त्यांनाच मागायचे. पुढं धुळ्याला बदली झाली. धुळ्यात क्लब होता, कॅम्पावरचे एक-दोन साहेबही त्याच क्लबात जात. पण तिथं जायला दोन सभासदांची ओळख लागे, आणि ती ओळख आबांना कुणी दिली नाही. नाही असंही कुणी म्हणालं नाही. बघू, सांगतो, सध्या जागा नाही, असं चालायचं. आम्ही बौद्ध. कॅम्पावर चौथा माणूस मिळत नव्हता तेव्हा ते कुणाच्या आड आलं नाही. गावात आल्यावर चौथे भरपूर झाले. गरज सरो, वैद्य मरो. आबांनी हे कधी मोठ्यानं बोलून दाखवलं नाही, पण क्लबाच्या रस्त्यानं जायची वेळ आली की ते सायकलवरून उतरत नसत आणि मान वळवून बघतही नसत. पोस्टानं उत्तर पाठवायचं तर कुणाची ओळख लागत नव्हती, म्हणून कोडी त्यांना आवडली असावीत, असं मला आता वाटतं.

आईचं पत्त्यांचं शिक्षण अगदी वेगळं. तिचं माहेर यावलकडचं. आजोबा केळीच्या बागेत मजुरीला जात, आणि उन्हाळ्यात दुपारी काम थांबलं की सगळी माणसं सावलीला मेंढीकोट खेळत. मेंढीकोट म्हणजे दहाचं पान पकडायचा खेळ. ज्यांच्याकडे चारी दश्श्या त्यांनी समोरच्याला कोट दिला. आई त्यात वाढली, मग अध्यापिका विद्यालयात गेली, प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. ब्रिजची बोली, हिशेब, पुस्तकातली नावं असलं तिनं काही शिकून घेतलं नाही. तिला फक्त समोरच्याला जे हवं ते न देणं येत होतं, आणि ते तिला उत्तम येत होतं. आबांनी पान टाकलं की ती ते न बघता आधी आबांकडे बघायची. आबा म्हणत, पानाकडे बघ, माझ्या तोंडावर काय आहे? ती म्हणे, तिथंच सगळं आहे.

रविवारी जेवण साधंच असे, कारण आईला लवकर मोकळं व्हायचं असे. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, उडदाची घोटलेली आमटी, मिरचीचा ठेचा, थंडी असली तर भरीत. ठेच्यानं आबांना घाम फुटे आणि ते टॉवेल खांद्यावर घेऊनच खेळायला बसत. पांझरा नदीच्या पुलावरून एस.टी. गेली की खिडकीची काच थरथरायची. अक्काचं मशीन तेवढं दुपारभर बंद असे. पौर्णिमेला मात्र पत्ते निघायचे नाहीत, तो अक्काचा नियम. पत्ता खेळनं पाप नही, ती म्हणायची, पन पुनीले नको. त्या दिवशी ती पांढरं लुगडं नेसून सकाळ-संध्याकाळ वंदना करी, आणि आबांचं कोडं आठवडाभर लांबलं तरी तिला त्याचं काही वाटत नसे.

बक्षिसं यायची. पार्सल आलं की गल्लीतली पोरं मागोमाग यायची. गजराचं घड्याळ, स्टीलचा डबा, प्लास्टिकच्या पत्त्यांचा जोड. घड्याळ दिवसातून थोडं थोडं मागं पडायचं, पण आबा ते दुरुस्त करू देत नसत. खरं बक्षीस वर्षाअखेरीचं होतं. कोडी घालणारे जळगावचे एक निवृत्त वकील होते, सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणत. दर हिवाळ्यात जळगावला एका हॉलमध्ये ब्रिजच्या सामन्यांचा दिवस असे, खान्देशभरातून जोड्या येत. वर्षभरात ज्याची सगळ्यात जास्त उत्तरं बरोबर, त्याला त्या दिवशी वकीलसाहेब स्वतःचा भिडू म्हणून बसवायचे. आबांना तेवढंच हवं होतं. एकदा, फक्त एक दिवस, हॉलमधल्या टेबलाशी खुर्चीत बसायचं, आणि समोर एक भिडू. सतरंजीवर आमच्याशी खेळणं त्यांना प्रिय होतं, पण ते खेळणं नव्हे हे त्यांनाही कळत होतं, आम्हालाही.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी आबा आणि पाचोऱ्याचे एक डॉक्टर बरोबरीनं पुढं होते आणि एकच कोडं उरलं होतं. साप्ताहिकात छापून आलं होतं की या दोघांपैकी जो चुकेल तो मागं राहील. दोघेही बरोबर आले तर चिठ्ठी टाकू. आबांनी कोडं वाचलं आणि हसले. सोपं होतं. त्यांच्याकडे बदामचा एक्का आणि राणी, आईकडे बदामचा राजा. आबांनी आपणहून बदाम काढला तर आईचा राजा त्यांच्या राणीला खाणार. पण आईलाच बदाम काढायला लावला तर एक्का-राणी दोन्ही सुटणार. म्हणून शेवटी किलवरचा एक हात मुद्दाम आईला द्यायचा. आईकडे किलवरचे राजा-राणी होते, तेव्हा तो हात तिला घ्यावाच लागणार, आणि मग तिच्याकडे काढायला बदामाशिवाय काही उरणार नाही. आबांनी सगळं आधीच पोस्टकार्डावर लिहून ठेवलं होतं. आम्ही बसलो ते केवळ रिवाज म्हणून.

आबांनी किलवरचा एक्का वाजवला. आईनं त्यावर राजा टाकला. छोटं पान तिच्याकडे नव्हतंच, राजा नाहीतर राणी, तेव्हा आबांनी लक्ष दिलं नाही. मग त्यांनी शेवटचा हुकूम काढला. आईनं सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि किलवरची राणीही त्यावर टाकून दिली. आबा म्हणाले, अगं, चुकून पडली तुझी राणी. ती म्हणाली, चुकून नाही. मग आबांनी ठरल्याप्रमाणे किलवर सोडला, तो घ्यायला आईकडे काही उरलंच नव्हतं, आणि अक्कानं आपला गुलाम पुढं केला. हात अक्काचा झाला. अक्काला बदाम काढायला कसली अडचण? तिनं काढला, आबांची राणी आईच्या राजाखाली सापडली आणि डाव पडला. "मना गुलामनी हात मारा," अक्का म्हणाली आणि तांदूळ निवडायला गेली सुद्धा.

आबांनी अक्काला परत बोलावून डाव पुन्हा मांडला, पुन्हा, उलटसुलट क्रमानं. दिवेलागण झाली तरी सतरंजी उचलली गेली नाही. प्रत्येक वेळी आई मोठी पानं फेकून द्यायची आणि रिकामी होऊन बसायची. आबांनी विचारलं, तुला हे सुचलं कसं? ती म्हणाली की तुम्ही मला तो हात देण्यासाठी इतके धडपडत होतात, तेव्हाच कळलं की तो घ्यायचा नाही.

आता आबांपुढं दोन पोस्टकार्डं होती, एक लिहिलेलं आणि एक कोरं. वकीलसाहेबांच्या मनातलं उत्तर पहिल्या कार्डावर होतं, याबद्दल आमच्यापैकी कुणालाच शंका नव्हती. तेच पाठवलं तर निदान चिठ्ठी पडेपर्यंत आशा होती. आईनं स्वच्छ सांगितलं, ते पाठवा. कोडं घालणाऱ्याला जे दिसलं नाही ते दाखवून द्यायची ही वेळ नव्हे, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका.  दोन दिवस आबा ऑफिसातून आल्यावर पांझरेच्या पुलापर्यंत चालत जात आणि परत येत. तिसऱ्या दिवशी त्यांनी कोऱ्या कार्डावर लिहिलं, 'डाव होत नाही', आणि खाली आईची सगळी खेळी, शेवटी 'ही खेळी माझ्या पत्नीची'. टपालपेटीत टाकायला ते मला घेऊन गेले. मी विचारलं, आबा, कशाला? ते म्हणाले, होत नाही ना पण.

पुढच्या अंकात उत्तर छापून आलं ते आबांच्या पहिल्या कार्डासारखं, ओळीला ओळ. पाचोऱ्याच्या डॉक्टरांचं अभिनंदन होतं. आणि खाली एक वाक्य: धुळ्याच्या एका उत्साही वाचकांनी 'डाव होत नाही' असं कळवून स्वतःची सुटका करून घेतली आहे. नाव नव्हतं, पण आबांच्या ऑफिसात ते साप्ताहिक येत असे आणि आबा सोडून तिथं कोडी सोडवणारं कोण होतं? हात दाखवून अवलक्षण, असं एक जण म्हणाला. आबांनी घरी येऊन अंक घडी करून कोनाड्यात ठेवला आणि जेवायला बसले. आईला फार लागलं. ती भांडी घासताना मला म्हणाली, त्या दिवशी मी राणी ठेवून द्यायला हवी होती. आबांनी आतून ऐकलं. ते म्हणाले, तसं पुन्हा बोलायचं नाही. इतक्या कडक आवाजात ते आईशी बोललेलं मी आधी ऐकलं नव्हतं.

त्यानंतरचे दोन-तीन रविवार सतरंजी पडली नाही. मग एका रविवारी सकाळी, आई अंगणात शेगडीवर वांगी भाजत असताना, फाटकाशी एक उंच म्हातारे गृहस्थ उभे राहिले. हातात छत्री आणि कापडी पिशवी. धुळ्याच्या एस.टी.नं आले होते, देवपुरात तासभर पत्ता विचारत फिरले होते. त्यांनी नाव सांगितलं आणि आबा उठून उभे राहिले. वकीलसाहेब म्हणाले की तुमच्या कार्डाची पहिली ओळ वाचून मी ते बाजूला टाकलं होतं. पुढचं वाचलं ते परवा, वर्षाची कार्डं बांधून ठेवताना. तेव्हापासून मांडून बघतो आहे. मला तो डाव ज्यांनी पाडला त्यांच्यासमोर बसून खेळायचा आहे.

अक्कानं पाणी दिलं. मला आठवतं, ती पेल्याकडे बघत थांबली होती. त्यांनी पाणी पिऊन पेला परत पुढं केला, आणखी द्या म्हणाले. मग भरीत आणि भाकरी खाल्ली, ठेच्यानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि जेवून आम्ही बसलो. आबांनी आपली दक्षिणेची जागा त्यांना दिली आणि स्वतः भिंतीला टेकून बसले. वकीलसाहेबांनी पाच वेळा प्रयत्न केला. पाचव्यांदा अक्काच्या गुलामानं हात घेतला तेव्हा त्यांनी पानं खाली ठेवली, चष्मा पुसला आणि आईला म्हणाले, "बाई, डाव होत नाही."

त्यांनी सांगितलं की पुढच्या अंकात चूक कबूल करतो. पण डॉक्टरांना शब्द गेला आहे, तो मागं घेता येणार नाही, आणि त्यांचा त्यात दोषही नाही. मात्र माझ्या ओळखीनं आणखी एक जोडी मला बसवता येते. तुम्ही दोघं या. आई लगेच नको म्हणाली. तिला बोली येत नव्हती, आणि एवढ्या पुरुषांत जायचं म्हणजे काय. आबांनी तिच्याकडे बघितलं फक्त. आबांचा तो चेहरा मी विसरले नाही. इतक्या वर्षांची इच्छा दारात चालून आली होती आणि ती आईच्या एका शब्दावर अडली होती. आईनंही तो चेहरा वाचला असणार, तिला दुसरं काय येत होतं? ती म्हणाली, शिकवा मग.

महिनाभर आबांनी तिला बोली शिकवली. खेळण्याआधी भिडूंनी एकमेकांना सांकेतिक बोलायचं असतं, कुणाकडे काय आहे ते. आईला तो सगळा प्रकार खोटेपणाचा वाटे. 'दोन किलवर' म्हटल्यावर किलवर नसतातच, हे तिला पटवायला एक आठवडा गेला. ती भाजी चिरताना बोलायची, पाटीवर लिहून पाठ करायची, मुलांचे पाढे तपासताना मध्येच मला विचारायची. हल्ली मी संगणकावर अनोळखी माणसांशी ब्रिज खेळते, कुठल्या देशातला भिडू येईल सांगता येत नाही, आणि बोली चुकली की तो निरोप न घेता निघून जातो. तेव्हा मला त्या पाट्या आठवतात आणि बरं वाटतं.

जळगावच्या हॉलमध्ये आई ही एकटीच बाई खेळायला होती. शाळेच्या संमेलनाला नेसायची ती हिरवी साडी नेसून ती आबांच्या समोर बसली, मी आबांच्या मागे स्टुलावर. पहिल्या फेरीत ती इतकी भेदरली होती की बोली पुटपुटायची आणि पंच पुन्हा विचारायचे. तरी फार वाईट झालं नाही. दुसऱ्या फेरीला आमच्या टेबलावर धुळ्याच्या क्लबाचे सेक्रेटरी आणि त्यांचे भिडू आले. आबा त्यांना ओळखत होते, ते आबांना ओळखत होते, आणि दोघांनीही नमस्कार केला. डाव त्यांच्याकडे होता, इस्पिक हुकूम होता, आबांनी अन् आईनं त्यांना अडवायचं होतं. आबांनी चौकटचा एक्का काढला. तो हात आबांचाच होता, त्यात काही प्रश्न नव्हता. आईकडे चौकट नव्हता. तिनं कुठलंही फालतू पान टाकायचं होतं. तिनं आबांच्या एक्क्याकडे बघितलं, आबांच्या तोंडाकडे बघितलं, आणि हुकमाची दुर्री काढून तो कापला.

 आपल्याच भिडूचा एक्का कापणं म्हणजे काय, हे ज्यांना ब्रिज येत नाही त्यांनाही कळेल. सकाळपासून त्या हॉलमध्ये याहून लहान चुकांवरून मी माणसं भिडूवर ओरडताना ऐकली होती. आईच्याही लक्षात आलं. तिचे कान लाल झाले आणि तिनं दुर्री परत उचलायला हात पुढं केला, पण टाकलेलं पान उचलता येत नाही. मला वाटलं, आता आबांचं काय होणार? एवढ्या वर्षांनी ही खुर्ची मिळाली होती आणि शेजारी त्याच क्लबाचे सेक्रेटरी बसले होते. आबा खाली मान घालून त्या दुर्रीकडे बघत होते. त्यांची पाठ हलायला लागली. मी घाबरून पुढं वाकले तर ते हसत होते, आवाज दाबायचा प्रयत्न करत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि सेक्रेटरींना म्हणाले, "इतला वरीसनी सवय शे तिनी." आबा ऑफिसात किंवा परक्यांत कधी अहिराणी बोलत नसत.

त्यानंतर आईची भीती गेली. दुपारनंतर दोघं बरे खेळले, काही डाव फारच चांगले. शेवटी नंबर मधेच कुठं तरी लागला, पाचोऱ्याचे डॉक्टर आणि वकीलसाहेब त्यांच्या बरेच वर होते. चहाच्या वेळी सेक्रेटरी आबांजवळ आले. म्हणाले, भाऊ, चांगलं खेळता. आमच्याकडे गुरुवारी या, एक जागा रिकामी आहे, ओळखीचं मी बघतो. मी शेजारीच उभी होते.  आबांनी विचारलं, दोघांनी यायचं का? सेक्रेटरी जरा हसले आणि म्हणाले की बायकांची तिथं सोय नाही, संध्याकाळची वेळ असते, सभासद काय म्हणतील. आबांनी चहा संपवला. मग म्हणाले, "मग राहू द्या." आवाज अगदी साधा होता. मला रडू आलं. हो म्हणायला काय जात होतं, असं मला वाटलं, आणि हे ऐकायला आई तिथं नसती तर बरं झालं असतं असंही वाटलं. पण ती मागंच होती, पर्स हातात घेऊन.

धुळ्याच्या बसमध्ये आम्हाला तिघांचं बाक मिळालं. आई खिडकीशी, मी मध्ये, आबा कडेला. गाडी पारोळ्याला थांबली, माणसं उतरली, चढली, आबांनी शेंगावाल्याकडून शेंगांची पुडी घेतली. गाडी हलल्यावर ती माझ्यावरून आबांकडे वाकली. म्हणाली, नाही कशाला म्हणालात? मी काय मोडता घालणार होते? इतकी वर्षं तुम्ही मान न वळवता त्या रस्त्यानं गेलात, मला काय दिसत नव्हतं? त्यांनी बोलावलं होतं ना, मग गेला असतात गुरुवारी एकटे.

आबांनी शेंगा सोलून तिच्या ओंजळीत ठेवल्या.

"एकटा जाईसन काय करू?" ते म्हणाले. "तठे मना एक्का कोन कापी?"